केवळ प्रशिक्षणासाठी वापरलेल्या चेतक हेलिकॉप्टरचा सेवा-इतिहास शोधण्यात काही अर्थ आहे का?

अर्थ निश्चितच आहे, आणि प्रशिक्षणाच्या हेलिकॉप्टरला इतिहास नसतो हे मत मला मुळीच मान्य नाही. हकिमपेटच्या हेलिकॉप्टर प्रशिक्षण शाळेत मी चेतकवर फिटर होतो; निवृत्तीनंतर सोलापुरात स्थायिक झालो.

चेतक म्हणजे मूळची फ्रेंच आल्युएत-३. तिचे पहिले उड्डाण १९५९ साली झाले आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्याखाली बांधलेले पहिले हेलिकॉप्टर १९६५ साली उडाले. डिसेंबर १९७१ मध्ये याच जातीच्या हेलिकॉप्टरने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील नारायणगंजच्या इंधनसाठ्यावर रॉकेट डागले. लोकांना एवढेच आठवते.

गड्ड्याच्या यात्रेला घरी आलो की लढाऊ विमानांच्या तुकडीत असलेले आमचे थोरले चुलतबंधू चारचौघांत म्हणत, “तुमचे ते शाळेचे खेळणे, त्यात कसली आली सेवा?” त्यांना ते काम कधी दिसलेच नाही. शिकाऊ वैमानिकाने एकदा हेलिकॉप्टर जोरात आदळले, तेव्हा आम्ही रात्री उशिरापर्यंत हँगरमध्ये तिन्ही चाकांचे ओलिओ (उतरतानाचा धक्का शोषणारे दांडे), रोटरच्या तिन्ही पात्यांचे डॅम्पर (पात्यांचे हेलकावे आवरणारे भाग) आणि पात्यांमधील अंतर समान राखणाऱ्या बारीक तारा बॅटरीच्या उजेडात बोटांनी चाचपून पाहिल्या. कारण डॅम्पर कमजोर असेल, तर जमिनीवरच कंपन वाढत जाऊन काही क्षणांत सांगाड्याच्या चिंधड्या होऊ शकतात. इंजिनाची शक्ती काढून घेऊन केवळ हवेच्या जोरावर फिरणाऱ्या पात्यांनिशी उतरण्याचा सरावही याच यंत्रावर होतो. सियाचिनमध्ये चीता हेलिकॉप्टर उतरवणाऱ्याचा हात आधी अशाच शाळेत बसलेला असतो, याचे उत्तर बंधूंनी आजवर दिलेले नाही.

म्हणून नोंदी मिळाल्याच, तर केवळ उड्डाणाचे तास मोजू नका. किती वेळा उतरले, किती वेळा आदळले, मोठी दुरुस्ती केव्हा झाली, हे आधी पाहा, आणि एखाद्या संस्थेने ते हेलिकॉप्टर प्रदर्शनात ठेवले असेल, तर तिला हे सारे फलकावर लिहायला लावा. संस्थेकडे हस्तांतराची कागदपत्रे असतील, तर शोध तेथूनच सुरू करावा. मात्र शेपटीवर रंगवलेला क्रमांक पुरावा मानू नये; सांगाड्यावरील धातूची पट्टी पाहावी. इंजिन, गिअरबॉक्स आणि पाती एका हेलिकॉप्टरवरून दुसऱ्यावर जात असल्यामुळे त्यांच्या नोंदी वेगळ्या शोधाव्या लागतील, आणि लष्करी दप्तरातील सर्वच कागद नागरिकांना मिळतील असे नाही.