दाव्यात न लिहिलेलं

चि. ज्युनिअरबाई,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. वाटपाचा दावा कोर्टाने मध्यस्थीला पाठवला, तर तुझी पक्षकार विचारते, "म्हणजे आता मी हक्कसोड करायची का?" आणि तुला उत्तर सुचेना! नाही म्हणून सांग. मुलीचा हिस्सा हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने पक्का झाला. वडील तेव्हा हयात नव्हते ही सबब सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालाने संपली. आत कुणी "बहिणीने मोठ्या मनाने घ्यावं" असं सुरू केलं तर तिला घेऊन सरळ बाहेर ये. मध्यस्थ कोर्टाला एवढंच कळवतो की तडजोड झाली नाही. कोण काय बोललं ते पुराव्यात येत नाही, दावा होता तिथून पुढे चालतो.

पण तुझी खरी अडचण वेगळीच आहे. तू तिथेही निवाड्यांची चळत घेऊन जाणार आहेस. नको गं. दाव्यात न लिहिलेलं विचार.

माझ्याकडे सुरुवातीच्या काळात एक शेतकरी आला होता, सख्ख्या भावाशी बांधाचा वाद. पिशवीतून त्याने सातबारा काढला, मोजणीचा नकाशा काढला आणि एक लग्नपत्रिका. पुतणीच्या लग्नाची. निमंत्रकांत सरपंचाचं नाव होतं, चुलत्याचं नव्हतं. त्याने तिथे बोट ठेवून दाखवलं. "याचा दाव्याशी संबंध नाही," म्हणून मी ती बाजूला सारली आणि गट नंबर विचारला. मग १७ वर्षं. मनाई, कोर्ट कमिशनर, उलटतपास, अपील, मग निकालाच्या अंमलबजावणीची दरखास्त. दोन गुंठ्यांसाठी. जिंकलो. तो पेढे घेऊन आला तेव्हा भावाला जाऊन वर्ष झालं होतं, आणि पिशवीत ती पत्रिका अजून होती, घडीवर फाटलेली.

फी मी रीतसर घेतली, काही तारखांना तर फुकट उभा राहिलो. दावा मध्यस्थीला पाठवायचं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ हे २००२ पासूनचं, माझ्या वेळी ते होतं कुठे? हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. पण समोर धरलेली पत्रिका वाचायला कुठलं कलम लागत होतं?

न्यायाधीश तरी काय करणार? दाव्यात जी दाद मागितली त्याच्या आतच त्यांना बसावं लागतं. पत्रिकेत नाव नाही याची दाद कशी लिहिशील? मध्यस्थीत विहिरीच्या पाण्याची पाळी, आईच्या औषधांचा खर्च, गौरी कुणाच्या घरी बसवायच्या, सगळं तडजोडीत लिहिता येतं आणि त्यावर हुकूमनामा होतो. उलट शेतजमिनीचं वाटप लढून जिंकलीस तरी हुकूमनामा त्याच संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार. मग मोजणी, मग सरस-निरस म्हणजे चांगल्या-वाईट जमिनीचा मेळ, मग हरकती. मध्यस्थीला मात्र ठरावीक मुदत असते. म्हणून सांगतो, दाव्यात न लिहिलेलं विचार. आधी तिला एकटीला, मग मध्यस्थासमोर. आणि विचारलंस की गप्प बस. हे तुला जमणार नाही, मलाही जमलं नव्हतं.

मध्यस्थीने वकिलाची चूल विझते, असं तुझे आताचे सिनियर म्हणतात म्हणे. त्यांना नमस्कार सांग. बार रूममध्ये चहा ढोसत मीही हेच म्हणायचो. खोटं खरेदीखत किंवा मारहाण असती तर लढच म्हणालो असतो.

पत्राच्या शेवटी, शाई संपत आल्यासारखी तू एक ओळ लिहिलीस: बाई दर तारखेला धाकट्या भावजयीच्या शेजारी जाऊन बसते. प्रतिवादी क्रमांक तीनच्या शेजारी! तीन पानं कायदा लिहिलास आणि हे ओझरतं? ती त्या बाकावर का बसते ते विचार, आणि पुढच्या तारखेआधी मला कळव.

तुझा,
जुना सिनियर