एफटीपीचा सामायिक फोल्डर: ७७७ मारून भागत नाही

भाऊ, तुमचं दुखणं ओळखीचं आहे. महाल भागातला छापखाना, फायली चढवा-उतरवायला लिनक्सचा एफटीपी सर्व्हर, तीन ऑपरेटर, तिघंही एकाच ग्रुपात, फोल्डरही त्याच ग्रुपचा. तरी एकानं चढवलेली पत्रिका दुसऱ्यानं उघडली की ‘५५० फेल्ड टू ओपन फाईल’. ग्रुप कसा बनवायचा ते सांगत बसत नाही.

आमच्या होस्टिंगवाल्यांकडे यावर एकच औषध होतं: फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारा. तिकीट बंद! दुसऱ्या दिवशी नवी फाईल आली की पुन्हा तेच रडगाणं, पुन्हा तेच उत्तर. अरे, फोल्डरची परवानगी नव्या फाईलवर उतरतच नाही. नव्या फाईलची परवानगी ठरवतो युमास्क, म्हणजे कुठल्या परवानग्या कापायच्या तो आकडा. व्हीएसएफटीपीडी या एफटीपी सर्व्हर प्रोग्रामच्या कॉन्फिगमध्ये ‘लोकल_युमास्क’ची ओळ नसली तर तो ०७७ धरतो आणि फाईल ६०० (फक्त मालकालाच उघडणारी) होऊन बसते. उबंटूत ही ओळ कॉमेंट केलेलीच (म्हणजे बंद) येते. सेंटओएसमध्ये ०२२ लिहिलेलं असतं, म्हणून तिथं दुसऱ्याची फाईल उघडते, पण तिच्यावर नवी चढवली की ५५३ (फाईल बनवता आली नाही).

तर ती ओळ ००२ करा, म्हणजे ग्रुपालाही लिहायची मुभा मिळते. पुढचं शून्य गाळू नका, बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस सोडू नका, मग सर्व्हिस रीस्टार्ट. फोल्डरला २७७५ द्या. त्यातला २ नसेल तर नवी फाईल चढवणाऱ्याच्या स्वतःच्या ग्रुपात जाते आणि ६६४ (ग्रुपाला लिहायची मुभा) असूनही उपयोग शून्य. आतल्या जुन्या फोल्डरांना हा २ आपोआप लागत नाही. ‘फाइंड’ कमांडनं फक्त डिरेक्टऱ्या निवडून लावा. सरसकट -आर (आतल्या सगळ्यावर) मारलं तर प्रत्येक फाईल एक्झिक्युटेबल, म्हणजे प्रोग्रामसारखी चालवता येणारी होते. एक लक्षात ठेवा, यानं कोणीही कोणाची फाईल उडवू शकतो. ते नको असेल तर ३७७५, पण मग दुसऱ्याच्या फाईलचं नावही बदलता येणार नाही.

सीएचरूट (युजरला त्याच्या होम फोल्डरातच कोंडणं) लावलं असेल तर बाहेरच्या फोल्डरची सिमलिंक (शॉर्टकट) चालत नाही. प्रत्येकाच्या होममध्ये बाइंड माउंट करा (तोच फोल्डर तिथं जोडा) आणि एफएसटॅबमध्ये, म्हणजे सर्व्हर चालू होताना काय माउंट करायचं त्या यादीत, लिहाच. नाहीतर लाइट गेली, सर्व्हर पुन्हा चालू झाला की फोल्डर रिकामा दिसतो, पोरं त्यातच नव्या फायली टाकतात, आणि नंतर माउंट केलं की त्या खाली गाडल्या जातात. म्हणून माउंटखालचा रिकामा फोल्डर रूटच्या (अ‍ॅडमिनच्या) मालकीचा, ७५५ (मालक सोडून कोणी लिहू शकत नाही) ठेवा. चुकून अपलोडच होणार नाही.

हे सगळं व्हीएसएफटीपीडीपुरतं. प्रोएफटीपीडी या दुसऱ्या एफटीपी सर्व्हरात ओळी वेगळ्या. आणि तिघं एकाच खोलीत बसत असतील तर माझ्या मते एफटीपी हवंच कशाला, सांबा (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारा प्रोग्राम) लावा. एफटीपीच ठेवायचं असेल तर टीएलएस (एन्क्रिप्शन) चालू करा, नाहीतर पासवर्ड उघडा जातो.

एवढं करूनही ५५० आलं तर ऑपरेटरला डिस्कनेक्ट करून पुन्हा लॉगिन करायला लावा. ग्रुपातला बदल चालू सेशनला लागत नाही.