गावी जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो

"मॅडम, जत्रेला गावी जायचंय, बाळ सात महिन्यांचं आहे आणि मला जायचंच नाहीये. मी वाईट सून आहे का?"

असा मेसेज मला दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये येतोच, नाहीतर गणपती-दिवाळीच्या आधी. शब्द थोडे इकडे तिकडे असतात, पोटातला गोळा तोच. यातली एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि तिला विचारूनच लिहितेय.

ती पुण्यात नोकरी करणारी, सव्वीस आठवड्यांची रजा संपून नुकतीच परत रुजू झालेली, सासर सांगली जिल्ह्यातलं, द्राक्षबागांच्या पट्ट्यातलं गाव. बाळ चार महिन्यांचं असताना ते पहिल्यांदा गेले होते आणि तिथे झालं काय की ही आंघोळीला गेली, बाहेर आली तर सासूबाईंचं मधाचं बोट बाळाच्या तोंडात. हिने किंचाळून बाळ ओढून घेतलं, घरात पाहुणे बसलेले, त्यांच्यासमोर. नवरा म्हणाला, एका बोटाने काय होतंय, मी पण मधावरच वाढलोय. झालं. परतीच्या गाडीत दोघं एक शब्द बोलले नाहीत आणि पुढचे तीन महिने आजी-आजोबांना नातू फक्त व्हिडिओ कॉलवर.

मधाबद्दल तिचं बरोबरच होतं. मधात एका जिवाणूचे बीजकण असू शकतात, मोठ्या माणसाला त्याचं काही होत नाही पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात, त्याला बॉट्युलिझम म्हणतात. क्वचितच होतो पण झाला तर बाळ लुळं पडतं, श्वासावर येतं. आणि घरात नुसता उकळूनही ते बीजकण मरत नाहीत, त्यामुळे 'आमचा मध घरच्या पोळ्याचा, शुद्ध' हे उत्तर इथे चालत नाही. वर्ष होईपर्यंत मध नाही म्हणजे नाही.

पण ती माझ्यासमोर बसून जे सांगत होती त्यात मध एक होता आणि बाकीची यादी भली मोठी होती. मी तिला ती लिहायला लावली. चौदा गोष्टी निघाल्या! मग म्हटलं आता दोन रकाने कर, एक 'जिवाशी खेळ' आणि दुसरा 'डोक्याला ताप'. पहिल्या रकान्यात चारच गेल्या: मध, डोळ्यात काजळ (त्यात शिसं असू शकतं), आंघोळीनंतरची धुरी आणि खोकणाऱ्या माणसाने बाळाला घेऊन पापे घेणं. जत्रेचं घर, वीस माणसं, आणि गोवरची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, म्हणजे याची व्हायची होती, त्यामुळे ते चौथं काही उगीच नव्हतं. बाकी दहा म्हणजे गालावरची तीट, भर उन्हाळ्यात टोपडं, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणं, कोण आलं की झोपलेलं बाळ उठवून दाखवणं, 'दूध पुरत नसंल तुझं' हे वाक्य, असलं सगळं. यातलं दूध पुरत नसेल हे लिहिताना ती रडली. मधाचं सांगताना नव्हती रडली.

आता माझी चूक सांगते. मी म्हटलं की ही चार कलमं आधीच घरी कळवून टाका, आणि 'कशी' ते बोलले नाही. हिने काय केलं, सासरच्या फॅमिली ग्रुपवर छान फोटो बनवून टाकला, वर मथळा 'बाळाचे नियम'. जाऊबाईंनी अंगठा दाखवला, चुलत दिरांनी हसण्याचा इमोजी, आणि सासूबाईंनी ग्रुपच सोडला. बरोबरच आहे हो त्यांचं! तीन पोरं वाढवलेल्या बाईला अख्ख्या भावकीसमोर नियमावली, कुणाला आवडेल?

मग नवऱ्याला बोलावलं. तो आला तोच चेहरा पाडून, मला दोघींच्यात पडायचं नाही म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, तू पडलेलाच आहेस, फक्त गप्प पडलायस. त्याने आईला फोन करायचा असं ठरलं. पहिला फोन त्याने केला तो असा, "आई, हिला चालत नाही गं ते मधबिध." हिला! म्हणजे परत सगळं सुनेच्याच डोक्यावर. दुसरा फोन माझ्यासमोर बसून करायला लावला: आई, आम्ही दोघांनी डॉक्टरांना विचारलंय, वर्ष होईपर्यंत मध नको, काजळ नको, धुरी नको, आणि खोकला झालेल्याला तूच अडव, तुझं सगळे ऐकतात. तिकडून थोडा वेळ काहीच नाही, मग "बरं. पण तीट लावू का न्हाई?" तीट तळपायाला लावायची असं ठरलं. दृष्ट काढायचीच तर बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवून, मिरच्यांचा ठसका त्याला लागायला नको म्हणून. माझ्या मते हे 'तूच अडव' सगळ्यात कामाचं होतं, कारण तोपर्यंत त्या बाईला बाळाच्या बाबतीत नुसतं 'नको' हेच काम दिलेलं होतं.

दुसरी भीती वेगळीच होती. व्हिडिओ कॉलवर बाळ आजीचा चेहरा दिसला की आता रडायला लागलं होतं, आणि आजी म्हणाल्या होत्या, "लेकरू वळखंना आमाला, आईनंच शिकवलंय." तर बघा, कुणी शिकवत नाही हे. सहा-आठ महिन्यांच्या आसपास बाळाला घरचं कोण, परकं कोण हे कळायला लागतं आणि परक्याला बघून ते आईला चिकटतं, वर्षाच्या आसपास ते अजून वाढतं आणि मग हळूहळू ओसरतं. डोकं नीट चालतंय याचीच खूण आहे. तिला एवढंच सांगितलं की गेल्या गेल्या बाळ कुणाच्या हातात द्यायचं नाही, तुझ्या मांडीवर राहू दे, आजीने शेजारी बसायचं पण बाळाकडे बघायचं नाही, आपलं काहीतरी काम करत बसायचं, बाळच बघेल. हेही नवऱ्यानेच आईला सांगितलं. आणि दूध पाजायला आतून कडी लागणारी खोली, ही मागणीसुद्धा त्यानेच आधी करून ठेवायची.

गेले. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, दहा बायका, बाळाने टाहो फोडला, ते होणारच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई सूप घेऊन शेंगा फोडत बसल्या, खरंच मान खाली घालून. ही बाळाला घेऊन जरा लांब सतरंजीवर. टरफलांचा आवाज ऐकून बाळ पोटावर सरकत सरकत निघालं थेट सुपाकडे. ती मला म्हणाली, "मॅडम, माझ्या डोळ्यासमोर शेंगदाणा घशात अडकलेलाच आला, मी ओरडणारच होते." पण तिच्या आधी सासूबाईंनीच सगळ्या शेंगा-दाणे भराभर पदरात घेतले, जमीन हाताने पुसून काढली, एक एक दाणा बोटाने टिपला, आणि मग रिकामं सूप बाळापुढे सरकवलं. तोंडातून शब्द नाही. बाळ सूप बडवत बसलं पंधरा मिनिटं.

"त्यांनी तो एक एक दाणा टिपला ना," एवढंच ती दोनदा म्हणाली.

चौथ्या दिवशी आंघोळ आजीने घातली, पाय लांब करून पाटावर बसून, पायांवर बाळाला पालथं घेऊन, जशी त्यांच्या सगळ्या पोरांना घातली तशीच, फक्त पाण्यात हात घालून आधी सुनेने बघितलं आणि धुरी नाही. शेजारची एक म्हातारी मधाची बाटली घेऊन आलीच होती, तिला सासूबाई म्हणाल्या, "डाक्टर नगं म्हणालाय, वरीस हूं दे." खोकणारे चुलते अंगणातूनच परत पाठवले गेले आणि थोडे रुसलेसुद्धा.

टोपड्यावरून मात्र अजून चालूच आहे. परवा मला फोटो आलाय, बाहेर रणरणतं ऊन, बाळ घामाने चिंब, डोक्यावर लोकरीचं लाल टोपडं, खाली हिचा मेसेज, मॅडम हे कुठल्या रकान्यात टाकू?