आंतररेण्वीय म्हणजे रेणूच्या आतलं का रेणूरेणूंमधलं?

परभणीकडच्या एका पालकांचा प्रश्न आहे, की आंतरिक म्हणजे आतलं, मग आंतररेण्वीय बल म्हणजे रेणूच्या आतलंच ना, आणि पाणी उकळताना हे बल तुटतं असं पोरगं पाठ करायलंय तर मग रेणू फुटतो का?

रेणू फुटत नाही. पाण्याची वाफ झाली तरी ती एचटूओच राहते.

गोंधळ 'आंतर'मुळं होतोय आणि तो साहजिक आहे, कारण मराठीत हे दोन्हीकडं चालतं. आंतरिक तळमळ म्हणलं की आतली, पण आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, शिक्षकांची आंतरजिल्हा बदली, इथं सगळीकडं दोघांच्या मधलं. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घेतात ते ओळींच्या मधे असतं, झाडाच्या पोटात नाही. आंतररेण्वीय हा शब्द याच घरातला. रेणूच्या आतल्या बंधाला रेणूअंतर्गत म्हणावं, म्हणजे दोन हायड्रोजनला ऑक्सिजनशी बांधून ठेवणारा तो. मी तर बोलताना 'रेणूरेणूंमधलं बल' म्हणतो, कारण नुसतं 'रेणूंमधलं' म्हणलं आणि बोलण्यात अनुस्वार गिळला की 'रेणूमधलं' होतं आणि अर्थ पार उलटा.

दोन्हींच्या ताकदीत लै फरक आहे. 18 ग्रॅम पाणी 100 अंशाला वाफ करायला साधारण 41 किलोजूल लागतात, तेवढ्याच वाफेचे सगळे रेणू फोडून सुटे अणू करायचे तर 900 किलोजूलच्या वर जातं. म्हणून गॅसवर पातेलं ठेवलं की रेणू एकमेकांपासून सुटतात, पण आतनं शाबूत राहतात.

आता उत्कलनबिंदू कशावर ठरतो तर या रेणूरेणूंमधल्या ओढीवर, जितकी ओढ जास्त तितकं जास्त तापवावं लागतं. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळपास दुप्पट जड, तरी तो उणे 60 अंशालाच उकळतो आणि पाणी 100 ला, कारण पाण्यात हायड्रोजन बंध आहेत, म्हणजे एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडं ओढला जातो, आणि हायड्रोजन सल्फाइडमध्ये ते नसल्यासारखेच. (या नावात 'बंध' असला तरी पाण्यात तो दोन रेणूंच्या मधे असतो, पोरांचा अजून एक घोळ इथंच होतो.) याहून भारी उदाहरण इथेनॉल आणि डायमिथाइल ईथरचं, दोघांत कार्बन 2, हायड्रोजन 6, ऑक्सिजन 1, वजन अगदी सारखं, पण इथेनॉल 78 अंशाला उकळतं आणि ईथर उणे 24 ला, कारण इथेनॉलमध्ये हायड्रोजन थेट ऑक्सिजनला जोडलेला आहे म्हणून त्याचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंध करतात, ईथरच्या रेणूंना आपसात ते जमत नाही.

जिथं हायड्रोजन बंध नाहीत तिथंही ओढ शून्य नसते. मिथेन उणे 161, प्रोपेन उणे 42, ब्युटेन जवळपास शून्य अंशाला उकळतं. रेणू मोठा झाला, इलेक्ट्रॉन वाढले की व्हॅन डर वाल्स बल, म्हणजे सगळ्याच रेणूंमधे असणारी कमजोर ओढ, वाढतं. घरच्या सिलिंडरात मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतं, दाबाखाली द्रव राहतं आणि बाहेर आलं की लगेच वायू.

एक मात्र बघा, मिठाला 'आंतररेण्वीय' हा शब्द लावू नका. त्यात सुटे रेणूच नसतात, सोडियम आणि क्लोरीनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सलग जाळीत बसलेले असतात, त्यामुळं तिथं आयनिक बंधाशीच झुंजावं लागतं आणि मीठ उकळायला 1400 अंशांच्या वर जावं लागतं.