पीएफ काढायच्या आधी

प्रिय बाळ,

तुला पुण्याच्या नोकरीची ऑर्डर आली, हे आईकडून कळलं. फार आनंद झाला. पण त्याच फोनवर ती म्हणाली की बेळगावजवळच्या मच्छेच्या कंपनीतला पीएफ काढून तू स्कूटी घेणार आहेस. म्हणून लगेच लिहायला बसलो. उद्यमबागेतल्या टाइम ऑफिसात माझी उभी नोकरी दुसऱ्यांचे पीएफचे फॉर्म भरण्यात गेली, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला असू दे.

सगळा पीएफ उचलायची सोय आहे ती काम सुटलेल्या माणसासाठी. तू तर इकडून सुटून लगेच तिकडं हजर होणार. ‘बेकार आहे’ म्हणून क्लेम लावायचा आणि त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरावर, नव्या कंपनीचे पैसे पडत राहायचे, हे जमेल का सांग बघू. शिवाय ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळानं बेकार राहायची ही मुदतही दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर न्यायचं ठरवलं, आणि पेन्शनचा हिस्सा काढायला छत्तीस महिने. वर टॅक्स आहेच. पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम करपात्र होते, 50,000 च्या वर असली तर टीडीएस म्हणून टॅक्स आधीच कापतात. पीएफ नव्या कंपनीकडं ट्रान्सफर केलास तर मात्र मच्छेची वर्षं पुण्याच्या वर्षांना जोडूनच ती पाच मोजतात. 2024-25 चं व्याज 8.25 टक्के होतं. आपल्याकडच्या सोसायट्या याहून जास्त देतो म्हणतात. त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

पण माझा जीव अडकलाय तो पेन्शनमध्ये. तुझ्या पगारातून बारा टक्के कापतात, ते सगळे पीएफमध्ये जातात. कंपनीही बारा टक्के भरते, पण त्यातले 8.33 टक्के पेन्शन फंडात वळतात, तेही 15,000 च्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये. या पैशाला पासबुकात व्याज चढत नाही. तिथं रक्कम वाढत नाही, वर्षं वाढतात. हिशेब असा: शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. दहा वर्षं भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शनचा हक्क. 15,000 धरून दहा वर्षांचे महिना 2,143 होतात. तीस वर्षं भरलीस तर वीसच्या वरच्या नोकरीला मिळणारी दोन वर्षं धरून 6,857.

‘एवढ्याशा पैशात काय होतंय काका?’ असं तू म्हणणार. खरं आहे, म्हातारपण काही त्यावर निघत नाही. पण दर नोकरीला पेन्शन काढून घेतलीस तर दर वेळी शून्यापासून मोजणी. फौंड्रीतली कितीतरी माणसं इथून गोव्याला, तिथून कागलला, परत इथं अशी फिरली. 2014 मध्ये यूएएन आला, त्याआधी दर ठिकाणी नवा नंबर मिळायचा, आणि जुन्याचे पैसे काढून पोरीच्या लग्नाला लावायचे. वीस-वीस वर्षं भट्टीपुढं उभं राहून पेन्शनीला दहा भरत नव्हती.

तुझ्या बाबतीत आणखी एक मेख आहे. नव्या ठिकाणी तुझं बेसिक 15,000 च्या वर दिसतंय. 1 सप्टेंबर 2014 नंतर इतक्या पगारावर जो कोरा सदस्य म्हणून येतो, त्याला पेन्शन योजनेत घेतच नाहीत. तू आज सदस्य आहेस, म्हणून जुनी नोकरी जोडून गेलीस तर आत राहशील. हिशेब मिटवून गेलीस तर दार बंद.

राज्य बदलतंय म्हणून घाबरू नको. सीमेचं भांडण कोर्टात आहे, पीएफात नाही. खातं केंद्राचं आहे. जुना यूएएन नव्या एचआरला पहिल्याच दिवशी दे, हजर होताना भरायच्या फॉर्म 11 मध्ये लिही, दुसरा नंबर काढू देऊ नको. मच्छेवाल्यांनी सुटल्याची तारीख पोर्टलवर टाकली का बघ. नाही टाकली तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुला स्वतःला टाकता येते. ती तारीख पुण्याच्या हजर तारखेच्या आधीची असली पाहिजे, नाहीतर दोन नोकऱ्या एकमेकींवर चढतात आणि प्रश्न सुरू होतात.

ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात जुन्या नोकरीचं शून्य दिसेल. बोंब मारू नको. पेन्शनचे पैसे तिथं येत नाहीत, वर्षं येतात. ती अ‍ॅनेक्शर के नावाच्या कागदावर असतात, तो उतरवून ठेव. जुनं पासबुक आणि पगाराच्या स्लिपाही आत्ताच काढून घे, कंपनीचा मेल बंद झाला की कोण दाद देतंय!

आपल्या भागात खरी रखडपट्टी होते ती नावामुळं. मराठी शाळेच्या दाखल्यावरून ज्योती या नावाचं स्पेलिंग नुसत्या ‘टी’नं होतं आणि आधारवर कर्नाटकी पद्धतीनं ‘टीएच’ होतं. कुठं वडिलांचं नाव पूर्ण, कुठं नुसतं आद्याक्षर. आधार, पॅन, बँक आणि पीएफ चारही ठिकाणी एकच नाव पाहिजे. दुरुस्ती राजीनाम्याआधी कर. आज एचआर तुझ्या टेबलापासून चार पावलांवर आहे.

नॉमिनेशनमध्ये सध्या आई-बाबांची नावं घाल. लग्न झालं की ते रद्द होतं, तेव्हा परत भरावं लागेल.

स्कूटीचं म्हणशील तर पुण्यात आधी खोली बघ, मग ठरव. रविवारी सकाळी टिळकवाडीला ये. आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि दहावीचं मार्कशीट घेऊन ये, नावं एकदा जुळवून बघू.

तुझा,
काका