लघुग्रह, क्षुद्रग्रह की उल्का?

प्रश्न असा आहे: हिंदी वाहिन्यांवर 'क्षुद्रग्रह' ऐकू येतं, मुलांच्या पुस्तकात 'लघुग्रह' असतं, आणि बातमीत सूर्याभोवती फिरणाऱ्या त्याच दगडाची 'उल्का' होते. यातलं बरोबर कोणतं?

मराठीत लघुग्रहच. 'क्षुद्रग्रह' व्याकरणानं चूक नाही, संस्कृतात क्षुद्र म्हणजे नुसता लहानही. पण मराठीत त्या शब्दाला तुच्छतेचा वास लागला आहे: क्षुद्र मन, क्षुद्र स्वार्थ. सव्वापाचशे किलोमीटर व्यासाच्या वेस्टा या लघुग्रहाला क्षुद्र म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

खरी गंमत लघुग्रहाच्या इंग्रजी नावात, 'ॲस्टेरॉइड' या शब्दात आहे, कारण त्यात ग्रह कुठेच नाही! ग्रीक 'ॲस्टर' म्हणजे तारा, ॲस्टेरॉइड म्हणजे ताऱ्यासारखा. १८०१ साली पियात्सी या खगोलज्ञाला सेरेस हा पहिला लघुग्रह सापडला, पुढच्या वर्षी ओल्बर्सला दुसरा, पॅलास. खगोलज्ञ विल्यम हर्शेलनं आपल्या दुर्बिणीतून पाहिलं, तर ग्रहाची चकती दिसेना, ताऱ्यासारखा नुसता ठिपका. म्हणून त्यानं १८०२ मध्ये हा शब्द पुढे केला. म्हणजे नाव पडलं ते दिसण्यावरून, असण्यावरून नव्हे. शब्दाला शब्द ठेवला असता तर आपण 'तारकाभ' म्हणत बसलो असतो. मराठीनं तसं केलं नाही, ते बरंच झालं.

वेस्टाही ओल्बर्सनंच शोधला, जर्मनीतल्या ब्रेमेनमधून, २९ मार्च १८०७ रोजी. नाव गणितज्ञ गाउसनं दिलं, रोमन लोकांच्या चुलीच्या देवतेचं. पुढची कित्येक वर्षं या मंडळींची गणना सरळ ग्रहांतच होत असे. नासाचं डॉन यान २०११-१२ मध्ये वेस्टाभोवती फिरलं तेव्हा तिथलं अंतरंगही ग्रहासारखंच निघालं: लोहाचा गाभा, वर थिजलेल्या लाव्हाचं कवच, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा भाऊबंदच. तेव्हा 'लघुग्रह' यातला 'ग्रह' त्याला चांगला शोभतो. स्वतःभोवतीची गिरकी ५ तास २० मिनिटांची. दक्षिणेकडे मात्र एका धडकेनं पडलेलं सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचं विवर, मधोमध वीस किलोमीटरहून उंच डोंगर. त्या धडकेनं गोलाई बिघडली, आणि वेस्टा 'बटुग्रह' (इंग्रजीत ड्वार्फ प्लॅनेट, त्याला गोल असावं लागतं) व्हायचा राहिला. सेरेसला ती बढती २००६ मध्ये मिळाली. (लघु आणि बटु यांत फरक काय, असं कुणी विचारलं तर पंचाईतच आहे. पण बटु म्हटलं की वामन आठवतो: लहान, तरी सगळे अवयव घाटदार. गोल झालेल्या ठेंगण्या ग्रहाला शब्द बरा बसतो.)

राहिली उल्का. उल्का म्हणजे वातावरणात शिरल्यावर पेटून दिसणारी रेघ. जळून उरलेला दगड जमिनीवर पोचला की तो अशनी. 'अशनि' हे संस्कृतात वज्राचं, विजेचं नाव. वेस्टाच्या त्या धडकेतून उडालेले तुकडे अशनी होऊन इथवर येतात असं मानतात. राजस्थानात लोहावटला १९९४ साली पडलेला अशनी त्याच जातीचा. आपलं लोणारचं विवरही अवकाशातून आलेल्या एका धोंड्यानंच झालेलं.

त्यामुळे 'उल्का पृथ्वीजवळून सुखरूप निघून गेली' ही बातमी चूक. निघून गेला तो लघुग्रह. तो पेटलाच नाही, तर उल्का कसली?