रत्नागिरीत राहते. मण्यांच्या विणकामातला पेयोट टाका शिकायचाय. आधी सरावाची पट्टी करू की थेट ब्रेसलेट?

थेट ब्रेसलेटच घ्या, फक्त रुंदी सम मण्यांची ठेवा. मी हा टाका शिकवते. मनगटभर पट्टीत एकच हालचाल इतक्यांदा होते की हात आपोआप बसतो. सरावाचा तुकडा मात्र बहुतेक जण अर्धवट टाकतात. विषम संख्येत एका कडेला दोरा फिरवून वळवावा लागतो, नवशिक्याने त्या फंदात पडू नये.

दोन रंगांचे मणी आलटूनपालटून 10 ओवा. या 10 मण्यांत पहिल्या दोन्ही ओळी आल्या. पुढे एक मणी उचला, एक सोडा, त्यापुढच्यातून सुई काढा. अशी प्रत्येक ओळ 5 मण्यांची होते. तिसऱ्या ओळीला सगळं गांडुळासारखं पिळतं, तिथेच लोक उसवतात. उसवू नका! शेपटाकडचा दोरा बोटात घट्ट धरून आणखी दोन ओळी घाला, उंच-सखल दात स्पष्ट दिसू लागतात. मग चुकायला जागाच उरत नाही.

मणी 11 नंबरचे, एकसारखे, शक्यतो नळीच्या आकाराचे घ्या. सुई 10 नंबरची चालेल, पण खाऱ्या हवेत ती गंजते, म्हणून झाकणाच्या डबीत ठेवा. हुकाऐवजी करवंटीचं बटण आणि मण्यांचा फास लावा.

एवढंच की गळाचा तंगूस वापरायचा मोह होईल. तो ताठ असतो, पट्टी मनगटावर नीट वळत नाही. नायलॉनचा वळलेला दोराच बरा.